पेनसिल्व्हेनियातली वसंतातली टर्की: परवाना, व्हिसा आणि रानातले नियम

मंडळातल्या एका तरुण मित्राने विचारलं आहे: "काका, मी एच-१बी व्हिसावर आहे, हॅरिसबर्गजवळ राहतो. ऑफिसमधला सहकारी मे महिन्यात टर्कीच्या शिकारीला चल म्हणतोय. बंदूक त्याचीच वापरायची, जमीनही त्याच्या सासऱ्यांची. मग मला वेगळा परवाना लागेल का? लागला तर कुठला, आणि बाकीचे नियम काय आहेत? बायकोलाही नुसतं बघायला यायचंय."

लागेल. शिवाय तुझ्या बाबतीत तो परवाना तुझ्या सहकाऱ्याच्या परवान्यापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे परवाना नसेल तर त्याला दंड होईल. तुझ्याकडे नसेल तर तू अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याखाली गुन्हेगार ठरतोस, आणि तेसुद्धा एकही गोळी न झाडता. उत्तर लांबणार आहे, पण सुरुवात इथूनच करायला हवी, कारण इथे आपली माणसं अजाणता अडकलेली मी पाहिली आहेत.

मी मूळचा कुडाळकडचा. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षण परवान्यावरची. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. आमच्या घरात "परवाना" म्हटलं की बंदुकीचाच परवाना. पेनसिल्व्हेनियात नेमकं उलट आहे. साधी शॉटगन घरात ठेवायला नागरिकाला कसलाही परवाना लागत नाही. परवाना लागतो तो शिकारीचा. म्हणून आपला माणूस असा हिशोब करतो, की बंदूक मित्राची आहे, तिला परवाना लागत नाही, जमीन खाजगी आहे, म्हणजे मला काहीच लागत नाही. या राज्यात मी अठरा वसंत टर्कीमागे घालवले आहेत, त्यातली नऊ वर्षं हंटर एज्युकेशनच्या, म्हणजे सुरक्षित शिकारीच्या शिक्षणाच्या, वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवतो आहे. भारतातून आलेल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या डोक्यात हाच हिशोब असतो.

आता व्हिसाचं नीट समजून घे. केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. एच-१बी (नोकरी), एच-४ (त्यांचे जोडीदार आणि मुलं), एल-१ (कंपनीतली बदली), एफ-१ (विद्यार्थी) हे सगळे त्यात येतात. पर्यटक व्हिसावर आलेले आईवडीलही येतात. ग्रीन कार्ड मिळालं की ही मनाई लागू होत नाही. मनाईला काही अपवाद आहेत आणि आपल्या कामाचा अपवाद एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना जवळ असणं. म्हणजे इथल्या नागरिकासाठी जो कागद फक्त शिकारीची परवानगी आहे, तोच तुझ्यासाठी बंदुकीला हात लावण्याचा अधिकार आहे. कुडाळच्या आजोबांचा परवाना वेगळ्या वाटेने तुझ्यापर्यंत पोचलाच म्हण.

"बाळगणं" या शब्दाचा अर्थ मालकी असा नाही. मित्राची बंदूक पाच मिनिटं हातात धरणं हेही बाळगणंच. रेंजवर भाड्याने बंदूक घेऊन कागदावर गोळ्या मारणं हेही तसंच. काडतुसांचा डबा तुझ्या गाडीत राहिला तरी तेच. शिक्षेची कमाल मर्यादा २०२२ च्या कायद्याने दहावरून पंधरा वर्षांवर नेली, आणि बंदुकीशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं. तुझं ग्रीन कार्डाचं काम चालू असेल तर आपल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचार, मगच पुढे जा, आणि त्याचं उत्तर ईमेलवर घेऊन ठेव.

दुसरा सापळा तारखेचा. पेनसिल्व्हेनियाचं परवान्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. तू एप्रिलमध्ये परवाना काढलास, मे महिन्यात शिकार केलीस, हौस वाटली म्हणून जूनमध्ये स्वतःची शॉटगन घेतलीस, तर १ जुलैच्या सकाळी तुझ्या कपाटातली तीच बंदूक बेकायदा झाली. नवीन वर्षाचे परवाने जूनच्या अखेरीसच विक्रीला येतात. तेव्हा शिकार नोव्हेंबरात करायची असली तरी परवाना जूनमध्येच काढायचा. माझ्या वर्गातल्या व्हिसावरच्या मुलांना मी ही तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये समोर बसवून घालायला लावतो.

बंदूक विकत घ्यायची झाली तर दुकानात केंद्र सरकारचा एक फॉर्म भरावा लागतो. त्यात नॉन-इमिग्रंट व्हिसाचा प्रश्न सरळ विचारलेला असतो, आणि त्याखाली अपवादात बसतोस का हेही विचारलेलं असतं. दोन्हींना खरं उत्तर दे, शिकारीचा परवाना दाखव, आय-९४ चा, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा, क्रमांक दे. मग राज्य पोलिसांची तपासणी होते. काउंटरवरचा माणूस गोंधळला तर दुसऱ्या दुकानात जा, पण घाईत चुकीच्या चौकटीत खूण करू नकोस. त्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

हे सगळं नकोच वाटत असेल तर एक सरळ वाट आहे: धनुष्य किंवा क्रॉसबो. केंद्रीय कायद्यात ती बंदूक धरली जात नाही, त्यामुळे व्हिसाची मनाई तिथे येत नाही. वसंतातल्या टर्कीसाठी दोन्ही चालतात आणि साधा शिकारीचा परवाना पुरतो. धनुष्याचा वेगळा परवाना हरणांच्या धनुष्य-हंगामासाठी असतो. पण बाणाने टर्की मिळवणं कठीण काम आहे आणि जखमी पक्षी निसटण्याचा धोका मोठा असतो. पहिल्याच वर्षी मी तो सल्ला देणार नाही.

परवान्याची पायरी पहिली म्हणजे कोर्स. ज्याने आधी कधीच शिकारीचा परवाना घेतलेला नाही त्याला हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. सोळा वर्षांवरच्यांना पूर्ण कोर्स ऑनलाइन करता येतो, त्याला थोडी फी पडते. आमच्यासारख्या स्वयंसेवकांचे प्रत्यक्ष वर्ग फुकट असतात. मी तुला वर्गातच ये म्हणेन, आणि ते माझा वर्ग आहे म्हणून नाही. ज्याने आयुष्यात बंदूक धरलेली नाही त्याला नळीचं तोंड कुठे आहे याचं भान पडद्यावर बघून येत नाही. वर्गात आम्ही निकामी केलेली बंदूक हातात देतो आणि कुंपण ओलांडायला लावतो. दहापैकी सात जण पहिल्या वेळी नळी शेजाऱ्याच्या गुडघ्यांकडे करतात. हे घरी बसून कळत नाही.

प्रौढांसाठी "मेंटर्ड" परवान्याचीही सोय आहे: कोर्स न करता, अनुभवी आणि एकवीस वर्षांवरच्या परवानाधारकाच्या अगदी जवळ राहून शिकार करायची. नागरिकासाठी सोय चांगली आहे. तू मात्र कोर्स करून पूर्ण परवानाच घे. अधिकाऱ्याला समजावून सांगायची वेळच येऊ नये असा कागद खिशात असावा.

कोर्स झाला की गेम कमिशनच्या, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याच्या, ऑनलाइन व्यवस्थेतून किंवा परवाने विकणाऱ्या दुकानातून परवाना काढता येतो. सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि पेनसिल्व्हेनियाचं ड्रायव्हिंग लायसन्स हाताशी ठेव. राज्यातल्या रहिवासी प्रौढाला साधारण २१ डॉलर पडतात, बाहेरच्याला १०२. न्यू जर्सीतल्या एडिसनहून येणारे आपले मित्र विचारतात म्हणून सांगतो: त्यांना बाहेरच्यांचा परवाना लागतो, पण त्यांच्या राज्यातलं कोर्सचं प्रमाणपत्र इथे चालतं. साध्या परवान्यातच वसंतातल्या एका टर्कीचा टॅग, म्हणजे मारलेल्या पक्ष्याला बांधायची चिठ्ठी, येतो. दुसऱ्या टर्कीसाठी वेगळा खास परवाना, रहिवाशाला सुमारे २२ डॉलर, आणि तो हंगाम उघडण्याआधीच घ्यावा लागतो. पहिली मिळाल्यावर "आता दुसरा घेऊ" असं चालत नाही. एका दिवसात एकच पक्षी, मग टॅग कितीही असोत. तुला पहिल्या वर्षी एक पुरे.

शेजारच्या राज्यांचे नियम इथले समजू नकोस. न्यू यॉर्कमध्ये हंगाम १ ते ३१ मे आणि संपूर्ण महिना दुपारी बारालाच शिकार बंद. न्यू जर्सीत टर्कीचा परमिट विभाग आणि आठवडा ठरवून देतात. अलास्का सोडून एकूणएक राज्यात वसंतातली टर्कीची शिकार आहे, आणि प्रत्येकाची पुस्तिका वेगळी आहे.

आपल्या इथला हंगाम १ मेच्या सर्वांत जवळच्या शनिवारी उघडतो. २०२४ मध्ये तो ४ मेला उघडला, २०२५ मध्ये ३ मेला, आणि दोन्ही वर्षी ३१ मेला संपला. त्याआधीचा शनिवार लहान मुलांचा. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून दुपारी बारापर्यंतच शिकार. नंतर, २०२५ मध्ये १९ मेपासून, संध्याकाळी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. रविवारची शिकार या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या बंद होती. २०१९ च्या कायद्याने तीन रविवार उघडले आणि २०२५ च्या कायद्याने ती जुनी बंदीच उठवली. कुठले रविवार खुले ते गेम कमिशन ठरवतं, तेव्हा त्या वर्षाची पुस्तिका उघडून तारीख बघितल्याशिवाय रविवारी रानात पाऊल टाकू नकोस.

या तारखा आणि ही बाराची वेळ का, हे कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. टर्कीचा नर एका मादीशी बांधलेला नसतो. एप्रिलमध्ये थंडीचे थवे फुटतात, नर पिसारा फुलवून फिरतो, झाडावरूनच पहाटे आरोळी देतो. त्या खळखळणाऱ्या आरोळीला "गॉबल" म्हणतात, म्हणून नराचं नाव गॉबलर. मादी जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला, दहा-बारा अंडी घालते आणि अठ्ठावीस दिवस उबवते. मेच्या सुरुवातीला बहुतेक माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात आणि नर एकटे पडलेले असतात. त्यांचं प्रजननातलं काम बव्हंशी झालेलं असतं, पण आरोळ्या चालूच असतात. हंगाम बरोबर तिथे ठेवला आहे. लवकर उघडला तर मादी रानात हिंडत असते, चुकून मारली जाते. किंवा नुकती अंड्यांवर बसलेली मादी माणसांच्या वावराने घरटं सोडून देते. हंगामाच्या पहिल्या भागात दुपारनंतर माणसांनी रान मोकळं सोडायचं ते याच कारणासाठी. या राज्यात वसंतातला पहिला हंगाम १९६८ मध्ये झाला. तेव्हापासून शिकार होते आहे आणि पक्षी टिकून आहे, यामागे हे वेळापत्रक आहे.

नियमात "नर" असा शब्द नाही, "दाढीवाला पक्षी" असा आहे. नराच्या छातीतून केसांच्या झुपक्यासारखी दाढी लोंबते. ती खरं तर बदललेली पिसंच आहेत. अंधुक उजेडात दाढी हीच सर्वांत खात्रीची खूण म्हणून नियम तिच्यावर बेतला आहे. काही माद्यांनाही दाढी असते आणि कायद्याने त्या मारता येतात. मी मारत नाही, माझ्या विद्यार्थ्यांनाही मारू नका म्हणतो. तिच्या मागे बारा अंडी असू शकतात. दाढी स्पष्ट दिसल्याशिवाय, आणि डोकं नराचंच आहे अशी खात्री झाल्याशिवाय सेफ्टीवर, म्हणजे चाप अडवणाऱ्या खटक्यावर, बोट जाता कामा नये.

यानंतरचा नियम माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा: टर्कीला बोलावून आणायचं, तिच्यामागे जायचं नाही. पेनसिल्व्हेनियात माग काढत, लपतछपत टर्कीपर्यंत पोचणं बेकायदा आहे. झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसायचं आणि मादीचा आवाज काढून नराला आपल्याकडे आणायचं. लाकडी पेटीचा कॉल, पाटीवर काडी घासायचा कॉल, तोंडात धरायचा पडद्याचा कॉल, यातलं काहीही चालतं. इलेक्ट्रॉनिक आवाज चालत नाही. वसंतात कुत्राही चालत नाही.

हा नियम मी तिसऱ्या वर्षी मोडला होता. टस्करोराच्या डोंगररांगेत पहाटे एक नर साद देत होता आणि जागचा हलत नव्हता. मधे एक घळ होती. "थोडं जवळ जाऊ, मग बसू" असं म्हणत मी घळ उतरलो, चढलो, वाकून पुढे सरकत राहिलो. शेवटी झुडपाआडून मादीचा आवाज आला, आणि त्याच्या बाजूला काळपट काहीतरी हललं. माझी नळी वर उठली नव्हती, पण अंगठा सेफ्टीवर गेला होता. तेवढ्यात मोठ्या, स्वच्छ आवाजात शब्द आले: "इथे माणूस आहे!" तीस पावलांवर ओकच्या बुंध्याला टेकून साठीचे एक गृहस्थ बसले होते, समोर डिकॉय (नकली टर्की) लावलेला. आवाज त्यांच्या कॉलचा होता, हललेला काळपटपणा त्यांच्या हातमोज्याचा. त्यांनी हात हलवला नाही, शीळ घातली नाही, उठून उभे राहिले नाहीत, फक्त बोलले. ते बोलले नसते तर काय झालं असतं हा विचार मी आजही प्रत्येक वर्गात मोठ्याने करतो. आवाज टर्कीचा आला म्हणजे तिथे टर्कीच आहे असं वसंतात कधीच समजायचं नाही, कारण रानातला प्रत्येक शिकारी टर्कीचाच आवाज काढत असतो.

म्हणून कपड्यांचं. लाल, पांढरा, निळा आणि काळा हे रंग अंगावर कुठेही नकोत. आतल्या बनियनचा गळा, मोजे, खिशातला रुमाल, काहीही. नराचं डोकं लाल, पांढरं आणि निळंच असतं, अंग काळपट. बसण्यासाठी खांद्यांपेक्षा रुंद बुंधा निवड, म्हणजे मागून येणाऱ्याचा छर्रा अडेल. चालताना भगव्या चकाकत्या रंगाची टोपी घाल. वसंतात ती कायद्याने सक्तीची नाही, पण मी घालतो. बसलो की काढून मागच्या झाडाला बांधतो. डिकॉय पिशवीत झाकून ने. टर्की मिळालीच तर भगव्या कापडात गुंडाळून खांद्यावर घे. खांद्यावर लोंबणारा पिसारा लांबून जिवंत पक्ष्यासारखा दिसतो. आणि दुसरा शिकारी येताना दिसला तर त्या गृहस्थांनी केलं तेच करायचं: हलायचं नाही, मोठ्याने बोलायचं.

बंदुकीचं थोडक्यात. वसंतात रायफल चालत नाही. शॉटगन, आणि तीत नळी व मॅगझिन मिळून तीनच काडतुसं बसतील अशी. छर्रा शिशाचा असेल तर चार नंबरपेक्षा मोठा नको, पोलादाचा असेल तर दोनपेक्षा मोठा नको, दुसऱ्या धातूचा असेल तर पुन्हा चारच. नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, हे उलटं गणित नवख्याला चकवतं. नेम डोक्यावर आणि मानेवर, अंगावर कधीच नाही. त्यासाठी आधी रेंजवर चाळीस यार्डांवर मोठा कागद लावून आपल्या बंदुकीचे छर्रे कसे पसरतात ते बघावं लागतं. कागदावर काढलेल्या मानेत छर्रे दाट बसले नाहीत तर तुझं अंतर तीस यार्ड, आणि चाळीसवरचा पक्षी जाऊ द्यायचा. गाडीत बंदूक ठेवताना नळीतही काडतूस नको आणि मॅगझिनमध्येही नको. भरलेली बंदूक गाडीला टेकवून ठेवणंसुद्धा इथे गुन्हा आहे.

जमिनीबद्दल. सहकाऱ्याच्या सासऱ्यांची परवानगी लेखी घे, दोन ओळींची चालेल. त्यांच्या घरापासून, आणि शेजाऱ्याच्या घरापासूनही, दीडशे यार्डांच्या आत, तिथे राहणाऱ्याने तशी खास परवानगी आधी दिल्याशिवाय, बंदुकीने शिकार करता येत नाही. धनुष्याला ही मर्यादा पन्नास यार्ड आहे. रानात झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर तिथून पुढे दुसऱ्याची हद्द आणि प्रवेश बंद. २०२० पासून पेनसिल्व्हेनियात तो पट्टा पाटीच्या बरोबरीचा आहे. सासऱ्यांनी पक्ष्यांना मका टाकला आहे का तेही विचार. दाणे टाकलेल्या जागी शिकार बंद, आणि शेवटचा दाणा उचलल्यापासून तीस दिवस ती जागा बंदच धरतात. माणूस भला असतो, घरामागच्या पक्ष्यांना प्रेमाने दाणे घालतो आणि पाहुण्याला नकळत गोत्यात आणतो.

खाजगी जमीन मिळाली नाही तरी अडत नाही. राज्याच्या मालकीच्या शिकाररानांची, म्हणजे स्टेट गेम लँड्सची, जमीन पंधरा लाख एकरांच्या आसपास आहे. त्यातली पहिली १९२० मध्ये परवान्यांच्या पैशांतूनच घेतली. या रानात शिकारीला आपला परवाना पुरतो. एक सांगायलाच हवं: मे महिन्यात गोचीड भरपूर असतात आणि लाइम रोगाचा त्रास या राज्यात मोठा आहे. कपड्यांना आदल्या दिवशी पर्मेथ्रिन (गोचीड मारणारं औषध) मार, पँट मोज्यात खोच, घरी आल्यावर काखा आणि गुडघ्यामागचा भाग नीट तपास.

पक्षी पडला की जागचा हलवण्याआधी टॅग भरून त्याला बांधायचा. फोटो नंतर. टॅगवर नाव, तारीख, ठिकाण आधी लिही, कारण वॉर्डन (गेम कमिशनचा अधिकारी) आला तर तो पहिल्यांदा तेच बघतो. मग दहा दिवसांच्या आत गेम कमिशनला नोंद द्यायची. ऑनलाइन दोन मिनिटांचं काम आहे आणि तरी कितीजण टाळतात. पुढचे हंगाम कसे ठेवायचे याचा अंदाज त्याच नोंदींवर बसतो. पायात धातूचं कडं दिसलं तर त्यावरचा क्रमांकही कळव. अभ्यासासाठी पकडून सोडलेला तो पक्षी असतो. मांस विकता येत नाही, मित्रांना देता येतं. छातीचं मांस पातळ कापून पटकन परतायचं. मांड्या मात्र चालून चालून चिवट झालेल्या असतात. त्यांना कुकरच्या पाच-सहा शिट्या आणि मालवणी वाटण हवं.

तू विचारलं नाहीस, पण घरून फोनवर आई विचारेल: पक्षी मारायला कशाला जातोस? माझ्या आईने विचारलं होतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि तिथल्या रानांची स्थिती बघता ते योग्यच आहे. इथली गोष्ट वेगळी घडली. जंगलतोड आणि बाजारासाठी केलेली बेसुमार कत्तल यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या राज्यात टर्की मधल्या डोंगराळ पट्ट्यात काय ती उरली होती. गेम कमिशनने सुमारे पन्नास वर्षं फार्मवर टर्की वाढवून सोडून पाहिल्या. त्या जगल्या नाहीत. माणसाच्या हातचं खाऊन वाढलेल्या पक्ष्याला कोल्हा कळत नव्हता. शेवटी रानातल्याच टर्की जाळ्यांनी पकडून नव्या रानांत सोडल्या, तेव्हा त्या पसरल्या. या सगळ्याला पैसा आला परवान्यांतून, आणि शॉटगन, रायफल व काडतुसांवरच्या अकरा टक्के केंद्रीय करातून, जो १९३७ च्या कायद्याने राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. तुझे २१ डॉलर तिथेच जातात. मी आईला हेच सांगितलं. तिला ते पूर्ण पटलं नाही, आणि तिचा तो हक्क आहे.

आणि हा पक्षी आपल्याला अगदीच परका नाही. १६१२ मध्ये मुकर्रब खान या मोगल सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जी नवलाईची जनावरं नेली, त्यांत टर्कीचा नर होता. पोर्तुगिजांच्या जहाजांतून आलेला. बादशहाला तो एवढा भावला की त्याने वर्णन लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं. डोक्याचा रंग क्षणाक्षणाला बदलतो हे जहांगीरनेही टिपलं होतं. पहाटे तुझ्यासमोर नर फुलून उभा राहिला की बघ, लाल होता होता पांढरा पडतो.

आता बायकोचं. ती एच-४ वर आहे, परवाना नाही, तरी सोबत बसू शकते. मात्र बंदूक तिच्या हातात क्षणभरही द्यायची नाही, काडतुसांची पिशवी तिच्याकडे सांभाळायला द्यायची नाही, आणि कॉलही वाजवायला द्यायचा नाही. इथल्या कायद्यात पक्ष्याला आकर्षित करणं हीसुद्धा शिकारच आहे. तिने दुर्बीण घ्यावी आणि तुझ्याच बुंध्याला टेकून बसावं. तिला पुढच्या वर्षी स्वतः करावंसं वाटलं तर कोर्सची वाट तिच्यासाठीही तीच आहे.

तुझ्यासाठी क्रम असा: या महिन्यात कोर्स, प्रमाणपत्र आलं की त्याच दिवशी परवाना. छापील परवाना, टॅग, फोटो ओळखपत्र, पासपोर्ट आणि आय-९४ ची प्रत एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून जॅकेटच्या आतल्या खिशात. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मी आणि दोन-तीन जण गावाबाहेरच्या रेंजवर बंदुका तपासायला जातो. सहकाऱ्यालाही घेऊन ये. परवाना झाला असेल तर चाळीस यार्डांचा कागद लावू आणि तुझं अंतर ठरवू. झाला नसेल तरी ये. मग तू बाकावर बसून पेटीच्या कॉलवर मादीची साद शिकशील, आणि काडतुसांचा डबा माझ्या बाजूला राहील.